हजेरीपत्रकाचे वाचन : एक नमुना-प्रकल्प

व्यापारी पेढी असो वा शाळा, रोजच्या नोंदी आपोआप साठत जातात. त्या नोंदींना नेमका प्रश्न विचारून निर्णयास उपयोगी पडेल असे उत्तर मिळविणे, ही मात्र निराळी विद्या होय. व्यापारी जगात तिला ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हणतात. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५८ साली या नावाचा आपल्या निबंधाच्या शीर्षकात उपयोग केला होता. आज ही विद्या शिकविणारे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवर बीआय’ या साधनाची परीक्षा त्यांपैकीच एक. होतकरू शिक्षकाने ती अवश्य द्यावी. तथापि, प्रमाणपत्राने साधनाची ओळख सिद्ध होते. कोणता प्रश्न विचारावयाचा हे त्यातून कळत नाही. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ पासून चालू असून तो पूर्ण केलेले शिक्षक गावोगाव आहेत. तरीही मासिक गोषवारा एकदा वर धाडला की त्याकडे शाळेत पुन्हा पाहिले जात नाही, असेच बहुधा आढळते.

म्हणून अभ्यासाचा आरंभ हाताशी असलेल्या हजेरीपत्रकापासून करावा. झरी जामणी तालुक्यात पऱ्हाटीचे पीक मोठे, आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की वर्गातील जागा रिकाम्या पडू लागतात. समजुतीसाठी पुढील आकडे कल्पिले आहेत. एका शाळेच्या पटावर ४० मुले आहेत आणि नोव्हेंबरातील सरासरी उपस्थिती ३२, म्हणजे शेकडा ८० आहे. आकडा वाईट दिसत नाही. आता तीच मुले वस्तीनुसार वेगळी करावी. गावठाणातील २८ मुलांपैकी सरासरी २६ हजर असतात. कोलाम पोडावरील १२ पैकी केवळ ६. पहिला गट सुमारे ९३ टक्के, दुसरा ५०. एका सरासरीच्या पोटात दोन शाळा दडल्या होत्या, एवढे या एका विभागणीने दिसून येते.

येथे थांबू नये. गैरहजर मुलांत मोठ्या वर्गांतील मुली अधिक आहेत काय, बाजाराच्या दिवशी घट होते काय, हेही त्याच नोंदींतून पाहता येते. मात्र १२ मुलांच्या गटात एक मूल म्हणजे ८ टक्क्यांहून अधिक. अशा ठिकाणी टक्केवारीचा मोह सोडून सरळ मुलांची संख्याच लिहावी. आणि कारण पत्रकात सापडत नाही. ते पोडावर जाऊन, शक्य तर कोलामी जाणणाऱ्या व्यक्तीस बरोबर घेऊन, आईला विचारावे लागते. आई वेचणीस जाते म्हणून मुलगी तान्हे भावंड राखते, असे उत्तर आले तर त्यावरचा उपाय पालकांना समज देणे हा नव्हे. अंगणवाडीची वेळ आणि वेचणीची वेळ जुळते की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

मोजणीपूर्वी नियम ठरविणे अगत्याचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणीच्या प्रयोगांचा अभ्यास करून दाखविले की, शेतात अगदी लहान तुकडा आखून पीक कापले तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो. तुकड्याच्या सीमेवरील रोपे आत धरावीत की बाहेर, याविषयी कापणाऱ्याचा कल ती आत घेण्याकडे असतो, आणि तुकडा जितका लहान तितका सीमेचा वाटा मोठा. शाळेतही सीमेवरची मुले असतात. दुपारच्या भोजनापुरते येऊन जाणारे मूल हजर की गैरहजर? दहा वाजता येऊन अकराला शेताकडे निघालेले? प्रत्येक वेळी कल ‘हजर’कडेच झुकला तर महिन्याचा आकडा खोटा न लिहिताही खोटा ठरतो. म्हणून दोन्ही सत्रांची नोंद स्वतंत्र ठेवावी आणि ठरविलेला नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. कुटुंबासह स्थलांतर केलेल्या मुलास शिक्षण हमी पत्रक दिले असल्यास त्याची खूण वेगळी असावी. ते मूल गैरहजरांत मिसळले तर दोन भिन्न अडचणी एक भासतील.

संगणकावर तक्ता मांडताना एका ओळीत एका मुलाचा एक दिवस, आणि एका रकान्यात एकच गोष्ट : दिनांक, मुलाचा क्रमांक, इयत्ता, वस्ती, सकाळ, दुपार. रकाने जोडून शोभिवंत मथळे करण्याची आपल्याकडे फार हौस. तसे केलेला तक्ता यंत्रास नीट वाचता येत नाही. पाहणारा तर त्याहूनही आधी कंटाळतो! नावे या तक्त्यात घालू नयेत. क्रमांक व नाव यांची जोडणी मुख्याध्यापकांच्या कपाटातच राहावी, कारण केंद्रावर फिरणाऱ्या कागदावर एखाद्या मुलीच्या घरची अडचण उघडी पडण्याचे काही कारण नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांची नोंद अशी मांडून झाली की, ज्यांना परीक्षा द्यावयाची आहे त्यांनी हाच तक्ता पॉवर बीआयमध्ये उघडावा. नोंदी स्वच्छ करणे, त्यांचे परस्परसंबंध जोडणे व आलेख काढणे ही त्या परीक्षेतील मुख्य अंगे आहेत. त्यांचा सराव आपल्याच पोडाच्या आकड्यांवर होईल. इतरांना आखीव कागद व पेन्सिल पुरेशी आहे. दोन्ही प्रकारचे तक्ते जानेवारीतील केंद्राच्या शिक्षण परिषदेत शेजारी-शेजारी ठेवावेत आणि कोणत्या वस्तीतील किती मुले कोणत्या आठवड्यापासून येईनाशी झाली, एवढ्या एकाच प्रश्नावर चर्चा व्हावी.