उचल नवऱ्याची, कोयता दोघांचा



दसरा झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत शेताच्या कडेने कोप्या उभ्या राहू लागतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडे कर्मयोगी आणि नीरा-भीमा. एवढ्या कारखान्यांचा हा ऊसपट्टा. बीड, अहिल्यानगरच्या टोळ्यांबरोबर खानदेशातील भिल्ल कुटुंबेही तोडणीला येतात. आपल्यापैकी पुष्कळजण तेथे औषधे, चादरी, मुलांसाठी वह्या घेऊन जातात. या वेळच्या अभ्यासासाठी आपण त्या कोपीतल्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेला एक कागद पाहू.

तो कागद उचलीचा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम रक्कम देतो, आणि स्टॅम्पपेपरवर नवऱ्याची सही किंवा अंगठा घेतो. बायकोला बहुधा कोणी विचारत नाही. पण रक्कम ठरते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. म्हणजे कागदावर माणूस एक आणि फडात माणसे दोन.

हिशेब करून पाहा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. समजा, नवऱ्याने एक लाख रुपये उचलले. ते फिटायला सुमारे 273 टन ऊस तोडला पाहिजे. जोडी रोज दोन टन तोडते असे धरले तरी 137 दिवस लागतात, म्हणजे साडेचार महिने. तेवढ्यात हंगाम संपतो. आठवड्याची खर्ची घेतली की ती त्याच खात्यावर चढते. खाडा पडला की त्याचेही पैसे कापतात. बाई आजारी असो की दिवस गेलेली असो, अर्धा कोयता थांबला की उचल फिटत नाही. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, त्यामागे खाड्याची ही धास्तीही होती.

मग कर्ज कोणाचे? कायद्याने उत्तर सरळ आहे. ज्याने करार केला त्याचे. नवऱ्याने घेतलेले पैसे केवळ बायको आहे म्हणून तिच्याकडून वसूल करता येत नाहीत. नवरा वारला तर वारसांवर त्याच्या कर्जाची जबाबदारी येते, पण त्याची जी मालमत्ता त्यांच्या हाती आली तेवढ्यापुरतीच. बायकोचे हातपाय ही काही वारसाहक्काने आलेली मालमत्ता नव्हे. पवित्र शास्त्रात 2 राजे, अध्याय 4 मध्ये एक विधवा अलीशाकडे रडत येते. नवऱ्याच्या कर्जापायी सावकार तिची दोन मुले गुलाम करून न्यायला आला आहे. त्या काळी तसे करता येत होते. आज तो गुन्हा आहे.

1976 चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा करणाऱ्यांना ही गोष्ट नीट ठाऊक होती. ऋणकोने स्वतः किंवा आपल्या कुटुंबातील कोणाकडून, आगाऊ रकमेपोटी काम करून देण्याचा करार त्यांनी व्याख्येतच घेतला आहे. बायकोचा अंगठा कागदावर नाही म्हणून ती या संरक्षणाबाहेर पडत नाही. प्रत्येक उचल मात्र वेठबिगारी नसते, हे आपण कार्यकर्त्यांनी विसरू नये. पाहायचे ते असे: किमान वेतनाइतके पदरात पडते का, दुसरीकडे कामाला जाता येते का, गावी जायची मोकळीक आहे का? उचलीपोटी यांतले एक जरी हिरावले गेले असेल तर ते कर्ज कायद्यानेच संपुष्टात येते. वेठबिगारी करून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तसे नसेल, नुसती बाकी राहिली असेल, तर मुकादमाने दिवाणी न्यायालयात जावे, तेही नवऱ्याविरुद्ध. बायकोला किंवा मुलाला तारण म्हणून ठेवून घेण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मुकादमाचीही बाजू आहे. तो स्वतः वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून पैसे आणतो, आणि टोळी आलीच नाही तर तो बुडतो. पण त्याची अडचण बाईला कोपीत अडकवून सुटायची नाही.

काही मंडळी सुचवतात, बायकोचीही सही घ्या म्हणजे ती बरोबरीची होईल. मला हे पटत नाही. सही केली की ती सहकर्जदार होते आणि पूर्ण रक्कम तिच्या एकटीकडूनही मागता येते. तिचे नाव कर्जात नको, मजुरीत हवे. जोडीने तोडलेल्या टनांपैकी निम्मी मजुरी तिच्या नावाने लिहिली जावी, शक्य तर तिच्या बँकखात्यात जमा व्हावी. उचल घेताना ती समोर असावी. रक्कम, खर्ची आणि खाडे लिहिलेली एक वही तिच्याकडे राहावी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाने लिहावी. कोऱ्या कागदावर अंगठा नको, आधार कार्ड मुकादमाकडे ठेवणे नको.

बचतगट किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जात गाडी उलटी चालते: सही बाईची, पैसे पुष्कळदा नवऱ्याच्या हाती. तेथे रिझर्व्ह बँकेचा एप्रिल 2022 पासूनचा नियम उपयोगी आहे. मायक्रोफायनान्सचा हप्ता ठरवताना साऱ्या कुटुंबाचे उत्पन्न आणि साऱ्या कुटुंबाची कर्जे पाहायची, आणि सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. पण मुकादमाची उचल कोठल्याच नोंदीत नसते. म्हणून अर्ज भरताना बाईने ती स्वतःहून सांगावी.

शेवटी आपल्या देणगीदारांसाठी. एखादे कुटुंब अडकले आहे असे कळले की, बाकी भरून त्यांना सोडवू या, असे आपल्या मनात येते. प्रेमाने येते, पण घाई करू नये. कर्ज वेठबिगारीचे असेल तर ते आधीच संपलेले आहे, आणि संपलेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणे हाही त्या कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय पैसे भरले की सुटकेची नोंद होत नाही आणि पुनर्वसनाच्या सरकारी मदतीचा रस्ता बंद होतो. नवरा-बायको दोघांचे म्हणणे वेगवेगळे लिहून घ्यावे आणि अर्ज बारामतीच्या प्रांत कार्यालयात किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा. बाईचे म्हणणे घेताना मुकादम जवळ नसावा, आणि शक्यतो आपल्यातील एखादी बहीण बरोबर असावी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.