चांदीजवळची चमक

प्रश्न : नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली स्पिरिटमधली हळद पोपटी चमकते. चांदीजवळ ही चमक वाढते असे वाचले, म्हणून हुपरीच्या चांदीच्या पत्र्यावर त्या द्रावणाचा थेंब वाळवला. उलट चमक मंदावली. असे का?
– एक वाचक, उचगाव (जि. कोल्हापूर)

उत्तर : प्रयोग करून पाहिलात, याचा फार आनंद झाला. चांदी योग्यच निवडलीत, अडचण तिच्या आकाराची आणि अंतराची आहे.

चांदीतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाने एकत्र हिंदकळतात. या हिंदकळण्याला प्लाझ्मॉन म्हणतात. गुळगुळीत पत्र्यावर हवेतून पडलेला प्रकाश ही लाट उठवू शकत नाही. चांदीचे काही दशक नॅनोमीटर आकाराचे कण मात्र ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला जोरदार साथ देतात, आणि हळदीतले कुर्क्युमिनही साधारण तोच प्रकाश शोषते. कणाजवळ प्रकाश एकवटतो, रेणू जास्त वेळा उत्तेजित होतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेत वाया घालवण्याआधीच प्रकाशरूपाने सोडतो. म्हणून मुळात मंद चमकणाऱ्या रंगांना फायदा अधिक, कुर्क्युमिन त्यांतलेच.

पण रेणू धातूला चिकटला, की त्याची ऊर्जा थेट धातूत जिरते. तुमच्या पत्र्यावर बहुधा हेच झाले. त्यामुळे प्रयोगशाळेत कणांवर सिलिकाचा पातळ थर देतात. अंतर साधारण १० नॅनोमीटर ठेवले तर चमक खुलते. फार वाढवले तर चांदीचा प्रभावच उरत नाही. माझ्या मते या विषयातली खरी कारागिरी या थरातच आहे.

घरी रासायनिक पद्धतीने चांदीचे कण बनवू नका. शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञान शिकवले जाते. तिथल्या प्राध्यापकांना जरूर भेटा, आणि तो पत्रा सोबत न्या.