नेचा दगड कसा होतो ?

काळ्या रानांत नांगर चालतांना एखादा दगड वर येतो व त्यावर झाडाच्या फांदीसारखी काळी नक्षी दिसते. तो कौतुकानें घरच्या देवळींत ठेवला जातो आणि नेच्याचें पान दगड झालें असें सर्वांस सांगितलें जातें. या समजुतींत खरें किती, याचा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

बहुधा ती नक्षी पानाची नसते. दगडाच्या बारीक फटींत मँगनीज व लोखंड मिसळलेलें पाणी शिरतें आणि त्यांतील खनिजाचें पूट फांद्यांच्या आकारानें पसरतें. परीक्षा सोपी आहे. नेच्याच्या पानास मधोमध शीर असते व तिच्या दोन्ही अंगांस पर्णिका क्रमानें येतात. खनिजाच्या नक्षीच्या फांद्या फटीच्या कडेपासून वेड्यावांकड्या फुटतात.

खरा शिलाभूत नेचा याहून निराळा. हल्लीं मध्यप्रदेशांत असलेल्या सौंसरच्या बाजूस असे नेचे सांपडले आहेत. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी या दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्याच खडकाची झीज होऊन आपली काळी जमीन बनली. दोन थरांमधील विसाव्याच्या काळांत सखल जागीं तळीं सांचलीं व त्यांत पाणवनस्पती वाढल्या.

तळ्याच्या गाळांत गाडलेल्या वनस्पतीस हवा न मिळाल्यानें ती लौकर कुजली नाहीं. खतखड्ड्यांत आपण जें घडवून आणतों, त्याच्या नेमकें उलट तेथें घडलें. गारगोटीचें मूळ द्रव्य जी सिलिका, ती पाण्यांत विरघळून आली व पेशीपेशींत शिरून तेथेंच घट्ट झाली. म्हणजे पानाचा दगड झाला असें नव्हे. पानाच्या प्रत्येक कोठडींत दगड भरला गेला. म्हणूनच असा दगड कापून व कागदाहून पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखालीं धरल्यास मूळ पेशींची रचना स्पष्ट दिसते.

लखनौचे प्रो. बिरबल साहनी यांनीं अशा दगडांचा अभ्यास केला. सौंसरच्या दगडांत त्यांस व एच्. एस्. राव यांस अझोला जातीचा पाणनेचा आढळला. आजचा अझोला शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्याच्या पानांतील पोकळींत राहणारें नीलहरित शेवाळ हवेंतील नत्र धरून ठेवतें व भातखाचरास त्याचें खत होतें. ज्याचें आपण खत करतों, त्याचें कुळ इतकें जुनें आहे !

सबब वाचकांस आमची विनंति अशी कीं, असा दगड सांपडल्यास तो फोडूं नये, विकूं नये. शेताचा गट नंबर, सांपडल्याची खोली व आसपासच्या मातीचा रंग लिहून ठेवावा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागास कळवावें. जागेचा दाखला नसलेला दगड म्हणजे सर्व्हे नंबर नसलेला उतारा होय. तो खरा असूनहि पुराव्यास निकामी ठरतो.