लातूरची गोलाई आणि पाण्याची गाडी

लातूरच्या बाजारात आपल्यापैकी पुष्कळजण गेलेले आहेत. कोणी तूर घेऊन गेले, कोणी लग्नाचा बस्ता बांधायला गेले. हे शहर कसे वाढले आणि एकदा पाण्यावाचून कसे अडले, ते आज वाचू.

सव्वाशे वर्षांपूर्वी लातूर निजामाच्या राज्यात होते. भोवतालची जमीन काळी, कसदार. ज्वारी, तूर, कापूस चांगला पिके. पण माल बाहेर न्यायचा कसा? बैलगाडीला दिवसच्या दिवस लागत.

१९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. तिच्या दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. आम्ही तिच्यात बसलो आहोत. गाडी लहान, चालही हळू. पण तिने लातूरचे नशीब पालटले. हीच रेल्वे पंढरपूरला जात होती. १९२७ साली ती मिरजेपर्यंत गेली.

गाडी आली, तसे व्यापारी आले. आडत दुकाने निघाली. हमाल, मापाडी, गाडीवान यांना काम मिळाले. १९१७ साली गंजगोलाई बांधली. मधोमध जगदंबेचे देऊळ, भोवती गोल बाजार, आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. सोन्याचे दुकान इथेच, चपलेचेही इथेच. मिरची इथेच, गूळही इथेच. सगळ्या जातिधर्मांची माणसे इथे घासाघीस करतात आणि एकमेकांच्या ओळखीची होतात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९८२ साली लातूर हा वेगळा जिल्हा झाला. शहर वाढले, वस्ती वाढली. पाणी मात्र मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणातून यायचे.

मग पाऊस लागोपाठ कमी झाला. जमिनीत बोअर खोल खोल गेले. उसालाही पाणी लागतच होते. २०१६ साली धरण कोरडे पडले. पाण्यासाठी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात टाक्यांजवळ जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. आपल्याच शेजाऱ्याशी घागरीसाठी भांडायचे, ही केवढी वाईट वेळ!

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला १० डबे होते, त्यांत ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० डब्यांची गाडी येऊ लागली. तिच्यात २५ लाख लिटर पाणी असे. रूळ आता रुंद झाले होते, पण वाट तीच जुनी. ज्या वाटेने आपला माल बाहेर गेला, त्याच वाटेने कृष्णामाईचे पाणी आले.

आता हिशेब करा. शहरातली माणसे चार लाख धरा. २५ लाख लिटरांची वाटणी केली, तर माणशी सहा लिटर येतात. अर्धी घागरसुद्धा नाही!

लोक नुसते बसून राहिले नाहीत. त्यांनी वर्गणी काढली आणि मांजरेचे पात्र खोल-रुंद करायला घेतले. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस चांगला पाऊस झाला. धरणात पाणी आले.

यातून आपण काय घ्यायचे? आपल्या गावाला कोणी आगगाडी पाठवणार नाही. गावात रूळच नाहीत! तेव्हा आपला हिशेब आपणच ठेवावा. आता आपल्याला आकडे लिहिता येतात. दर महिन्याला विहिरीत दोर सोडा. पाणी किती हात आहे ते मोजा. वहीत तारीख घालून लिहा. ग्रामसभेत ते मोठ्याने वाचून दाखवा. पाणी घटू लागले की उसाचे काय करायचे, बोअर घ्यायचा की नाही, ते सगळ्यांनी मिळून वेळेवर ठरवता येईल.

वाचा आणि सांगा
१. लातूरला रेल्वे कोणत्या साली आली?
२. गंजगोलाईतून किती रस्ते फुटतात?
३. तुमच्या विहिरीत आज किती हात पाणी आहे?