ओव्हर घेतल्याशिवाय किल्ल्या हातात घेऊ नका

“बाकी सगळे स्टेबल आहेत गं.” हे वाक्य ऐकलं की आता माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या रात्री मी ड्यूटीवर आले तेव्हा मेल मेडिसिन वॉर्ड भरलेला, खाली गाद्या टाकलेल्या, आणि इव्हिनिंगच्या सीनियर सिस्टर खांद्याला पर्स लावून टेबलापाशी उभ्या. रिपोर्ट बुक त्यांनी मिटूनच ठेवलं होतं. वॉर्डातून एक फेरी मारू म्हटलं, तर “माझी गाडी चुकेल” म्हणाल्या आणि किल्ल्या टेबलावर ठेवून गेल्या.

मी एकटीच फिरले. १४ नंबरच्या पेशंटच्या ट्रीटमेंट शीटवर रात्रीच्या जेवणाआधीचं इन्सुलिन लिहिलेलं होतं, १२ युनिट, आणि सहीचा रकाना कोरा. सिस्टरांना फोन लावला, उचलला नाही. तेव्हाच वेळ घालून नर्सिंग नोट्समध्ये लिहिलं: सही नाही, फोन केला, उत्तर नाही. पेशंटजवळ गेले आणि त्यांच्या बायकोला विचारलं, “जेवले का हे?” ती म्हणाली, “कुठलं हो सिस्टर! मघाशी पोटात इंजेक्शन दिलं, तेव्हापासून मळमळतंय म्हणतात. ताट तसंच झाकून ठेवलंय.”

ते ऐकून माझे हातपाय गार पडले. कोरा रकाना बघून कुणीही दुसरा डोस दिला असता. पेशंटच्या कपाळावर घाम आला होता, बोलणं जड झालं होतं. ग्लुकोमीटरवर शुगर ५२. डॉक्टरांना बोलावलं, २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून गेलं, मग तासातासाला शुगर बघत रात्र काढली, कारण साध्या इन्सुलिनचा असर सहा-आठ तास राहतो. पेशंट वाचला.

मेमो मात्र मला. का, तर प्रकार माझ्या ड्यूटीत घडला. सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, “मी सांगितलं होतं, हिचंच लक्ष नव्हतं.” दुसऱ्या दिवशी पाहते तर त्या कोऱ्या रकान्यात त्यांची सही! माझी वेळेसकट नोट नसती तर माझी नोकरी गेली असती. चूक कुणाकडूनही होते, पण मागाहून केलेली ती सही मी विसरणार नाही.

नव्या मुलींनो, ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती, टेबलापाशी घेऊच नका, बेडपाशी घ्या. सलाईनची बाटली किती उरली, त्यात पोटॅशियम घातलंय का, कॅथेटरच्या बॅगेत लघवी किती, हे डोळ्यांनी बघा. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम यांचे रकाने दोघींनी मिळून तपासा आणि कोरा दिसला तर समोरचीला तिथेच थांबवा, मग ती कितीही सीनियर असो. पेशंट जेवला का, हे इन्सुलिनबरोबर विचारायचंच. नातेवाइकांनाही विचारा, पुष्कळदा त्यांनाच जास्त माहीत असतं. डॉक्टरांनी फोनवर डोस बदलला तर तो त्यांना परत वाचून दाखवा आणि नाव, वेळ लिहा. बाकी अक्षर नीट काढा, शांत राहा, हे सगळे सांगतातच.

ओव्हर देण्याच्या ‘एसबीएआर’ पद्धतीचा तक्ता आमच्या भिंतीवरही आहे: परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची ही पद्धत पुढे दवाखान्यांत आली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये रुग्णसुरक्षेच्या नऊ उपायांत ओव्हर धरला. पण तक्ता लावून भागत नाही, त्याला वेळ लागतो. आमच्याकडे एकीची ड्यूटी ८ ला संपते आणि दुसरीची ८ लाच सुरू होते. मेट्रन मॅडमना माझी विनंती आहे: दोन पाळ्यांमध्ये निदान अर्धा तास सामाईक ठेवा, आणि तो पगारी धरा.