शौचाच्या तपासणीला दोन-तीन दिवस का लागतात?

मुलांनो, विषय वाचून नाक मुरडू नका! सुट्टीत गावी जाऊन दोह्याला परतलो की घरात कुणाचे तरी पोट बिघडतेच. बहुतेक वेळा जलसंजीवनी आणि विश्रांतीने बरे वाटते. पण शौचातून रक्त किंवा आव पडली, खूप ताप आला किंवा जुलाब थांबेनात, तर डॉक्टर एक छोटी डबी देतात.

आपल्या आतड्यात अब्जावधी निरुपद्रवी जिवाणू राहतात. त्या गर्दीतून चोर शोधायचा. पण सूक्ष्मदर्शकाखाली बरेचसे सारखेच दिसतात! १९०५ च्या सुमारास मॅककॉन्की या ब्रिटिश शास्त्रज्ञाने यावर युक्ती काढली. अगारच्या जेलीत त्यांनी पित्तातील क्षार आणि दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, घातली. पित्तक्षारांमुळे आतड्याबाहेरचे बरेच जिवाणू वाढत नाहीत. नेहमीचे ई. कोलाय लॅक्टोज खाऊन आम्ल तयार करतात, त्यामुळे जेलीतल्या रंगद्रव्याने त्यांचे ठिपके गुलाबी होतात. साल्मोनेला आणि शिगेला सहसा लॅक्टोज खात नाहीत, म्हणून त्यांचे ठिपके बिनरंगी राहतात. चोर सापडला!

एक जिवाणू डोळ्यांना दिसत नाही. सुमारे ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर वाढून त्याचे लाखो झाले, की ठिपका दिसतो. पहिला दिवस यातच जातो. नंतर त्याची ओळख पक्की करायची आणि कोणत्या औषधाने तो मरतो ते पाहायचे. आता जनुकीय तपासणी काही तासांत जिवाणूचे नाव सांगते; पण त्याच्यावर औषधे लावून पाहायची तर तो जिवंतच हवा.

म्हणूनच नमुना देण्याआधी घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी स्वतःहून घेऊ नये. जिवाणू अर्धमेले झाले तर बशीत काही उगवत नाही. अहवाल येतो ‘काही आढळले नाही’ आणि दुखणे पोटातच राहते. आजार गंभीर असेल तर नमुना घेऊन डॉक्टर लगेच औषध सुरू करतात.

डबीत लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. नमुना शक्यतो दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवा. आणि हो, साबणाने हात धुवा!

शब्दार्थ : आव – शौचातील चिकट पदार्थ, प्रतिजैविक – जिवाणूंना मारणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे औषध.

प्रश्न : १. ई. कोलायचे ठिपके गुलाबी का होतात? २. नमुन्याआधी गोळी का घेऊ नये?