पत्त्याची फटफटी

सायकलच्या चाकात खेळायचा पत्ता अडकवून फटफटीचा आवाज काढणे हा पोरखेळ समजला जातो. दहावीनंतर ज्यांचा प्रयोगशाळेशी संबंध सुटला, त्या आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना मात्र हा ध्वनिशास्त्राचा पाठ अंगणात गिरवता येतो.

कपड्याच्या चिमट्याने पत्ता मागच्या चाकाजवळच्या नळीला लावावा. डाव्या बाजूस, कारण उजवीकडे साखळी असते. प्रत्येक तार पत्त्याला वाकवते आणि सोडते, तोच एक ‘फट्’. पण बहुतेकांचा पत्ता रिमजवळ असतो आणि फटफटीऐवजी भुंगा गुणगुणतो. याचे कारण निव्वळ मोजणीत आहे.

आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला सहसा 40 तारा असतात आणि चाकाचा घेर सुमारे 2.2 मीटर. ताशी 15 किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला जवळजवळ 1.9 फेरे घेते. म्हणजे 76 ठोके. सेकंदाला विसाच्या वर ठोके गेले की कान ते सुटे मोजत नाही, त्यांचा एक स्वर ऐकतो. (1681 साली रॉबर्ट हूकने लंडनच्या रॉयल सोसायटीत पितळी दातेरी चाकांतून स्वर काढून दाखवले, ते याच तत्त्वावर.)

आता फटफटी पाहू. एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. मिनिटाला 2300 फेरे असतील तर सेकंदाला साधारण 19 स्फोट. आपल्याला 76 नव्हे, 19 ठोके हवेत. तारा तर काढायच्या नाहीत!

उपाय चाकातच आहे. पत्ता हबकडे सरकवला की फक्त डावीकडच्या 20 तारा लागतात. त्याच बाजूच्या तारा दोन-दोन करून एकमेकींना छेदतात. बोटभर रुंदीची पट्टी नेमकी त्या छेदाच्या रेषेवर धरली, तर जोडीचा मिळून एकच ठोका पडतो. झाले 10! ताशी 15 किलोमीटरला बरोबर 19. सायकल हातात धरून भरभर चालत नेली, तर उभ्या फटफटीची ‘डुग् डुग्’ही ऐकू येते.

पट्टी पत्र्याच्या रिकाम्या डब्याला बांधून डबा नळीला आवळल्यास आवाज भरदार होतो. सतारीला भोपळा असतो तो याचसाठी.

हे सारे आवाजाच्या हौसेपुरते, असे कोणी म्हणेल. पण वळणावर मुक्याने येणारी गाडी चालणाऱ्याला, विशेषतः अंधाला, कळत नाही. युरोपीय संघाने 2021 पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीला कमी वेगात कृत्रिम आवाज सक्तीचा केला आहे. पत्ता तेच काम फुकटात करतो. रुग्णालयाजवळून जाताना मात्र चिमटा काढून खिशात ठेवावा.